मी हरवलेलं नाही

हातानं उतरवलेल्या जुन्या संस्कृत पोथ्यांच्या शेवटी नकलाकार अनेकदा एक विनवणी जोडत असे, आणि ती असे पोथीच्याच तोंडी. तेलापासून जप, पाण्यापासून जप, बांधणी सैल होऊ देऊ नकोस आणि मूर्खाच्या हाती मला सोपवू नकोस, असा तिचा आशय. महिनोन्‌महिने मान मोडून उतरवलेली पोथी पुढे कोणाच्या हाती जाणार, याची धास्ती त्या माणसाला वाटली तर नवल नाही. २००१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका उपक्रमातली पुस्तकंही अशीच स्वतःच्या तोंडानं बोलतात. पण त्यांच्यावरच्या चिठ्ठीचा सूर नेमका उलटा आहे. मी हरवलेलं नाही, मला कोणी विसरलेलंही नाही. उचला, घरी न्या, वाचा आणि मग पुन्हा कुठेतरी सोडून द्या. उचलणारा शहाणा असावा की मूर्ख, याबद्दल या पुस्तकाची काहीही अट नाही.

वाचून झालेलं पुस्तक बागेतल्या बाकावर, स्टेशनातल्या कठड्यावर, दवाखान्यातल्या खुर्चीवर मुद्दाम ठेवायचं आणि मागे न बघता निघून जायचं, हा या संग्रहातल्या पुढच्या लेखांचा विषय. पुस्तक ठेवायला काही लागत नाही. मागे न बघणं मात्र भल्याभल्यांना जमत नाही, आणि या साऱ्या खटाटोपाचा इतिहास मला तरी त्या न जमलेल्या अर्ध्या भागाचाच इतिहास वाटतो. पुस्तक सोडून तर द्यायचं आहे, पण त्याचं पुढे काय झालं तेही कळायला हवं. या ओढाताणीतून क्रमांक आले, चिठ्ठ्या आल्या, कपाटं आली, नियम आले.

रॉन हॉर्नबेकर हा सॉफ्टवेअरच्या व्यवसायातला माणूस. त्याला ही कल्पना सुचली ती पुस्तकांवरून नव्हे, नोटांवरून. हँक एस्किन यानं १९९८ मध्ये ‘व्हेअर इज जॉर्ज’ नावाचं एक संकेतस्थळ सुरू केलं होतं. आपल्या खिशातल्या डॉलरच्या नोटेचा क्रमांक नोंदवायचा, नोट नेहमीसारखी खर्च करायची, आणि पुढे कधी ती ज्याच्या हाती पडेल त्यानं तोच क्रमांक टाकून आपलं गाव कळवायचं. एकदाच वापरायचे कॅमेरे लोकांत सोडून देणारा आणखी एक उपक्रम त्याच सुमारास चालू होता. हॉर्नबेकरनं नोटेच्या जागी पुस्तक ठेवलं आणि एप्रिल २००१ मध्ये ‘बुकक्रॉसिंग’ सुरू केलं. यातली खरी युक्ती क्रमांकात आहे. पुस्तकाच्या मागे छापलेला आयएसबीएन त्या आवृत्तीच्या सगळ्या प्रतींना एकच असतो; हा क्रमांक मात्र एकाच प्रतीचा. तुमच्याकडची, कोपरा दुमडलेली, बत्तीसाव्या पानावर चहाचा डाग पडलेली जी प्रत आहे, फक्त तिचा. ज्याला ती सापडेल त्यानं क्रमांक टाकावा, कुठे सापडली ते लिहावं, कशी वाटली ते लिहावं. छापखान्यातून हजारोंनी बाहेर पडलेल्या वस्तूला अशानं एकटीचं चरित्र मिळालं. तीनच वर्षांत, २००४ मध्ये, ‘कन्साइज ऑक्सफर्ड’ शब्दकोशानं ‘बुकक्रॉसिंग’ हा शब्द दाखल करून घेतला. २००७ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळानं पुढाकार घेऊन साऱ्या देशालाच यात उतरवलं. शिस्तप्रिय सिंगापुरात वस्तू जागच्या जागी न ठेवण्याला सरकारी प्रोत्साहन मिळावं, यातली गंमत तिथल्या लोकांनाही जाणवली असेल.

एका देशात सोडलेलं पुस्तक दुसऱ्या खंडात सापडल्याच्या नोंदी आहेत, आणि वर्तमानपत्रांनी साहजिकच त्याच उचलल्या. रोजचा अनुभव याहून कोरडा आहे. सोडलेल्या बहुतेक पुस्तकांची पुढची नोंद कधी होतच नाही. सापडणाऱ्यानं पुस्तक नेलं, वाचलं, आवडलंही, पण क्रमांक टाकण्याचा कंटाळा केला; किंवा सफाई कामगारानं ते कचऱ्याच्या पिशवीत टाकलं; किंवा पावसानं त्याचा लगदा केला. सोडणाऱ्याच्या बाजूनं या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत.

हे मौन सदस्यांना सोसवलं नाही. मग पुस्तक उघड्यावर सोडण्याऐवजी दुसऱ्या सदस्याला टपालानं पाठवायचं, एक यादी करून तिच्या क्रमानं फिरवायचं, ओळखीच्या कॅफेत यासाठीच राखलेल्या फळीवर ठेवायचं, अशा वाटा निघाल्या. नोंदी वाढल्या. बातम्या येऊ लागल्या. पण अनोळखी माणूस हळूच बाहेर गेला आणि मागे उरलं ते एकमेकांना ओळखणाऱ्या वाचकांचं फिरतं ग्रंथालय. फिरत्या ग्रंथालयात वाईट काही नाही, पण त्यासाठी बाकाची गरज नव्हती.

अनोळखी माणूस कायम ठेवून हे काम करता येतं, याचा पुरावा बराच जुना आहे, आणि तोही युद्धातला. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा तिथले टपालप्रमुख होते अल्बर्ट बर्लसन. त्या काळात अमेरिकी मासिकांच्या मुखपृष्ठावर त्यांच्या नावानं एक सूचना छापली जाई. अंक वाचून झाला की या जागी एक सेंटचं तिकीट लावा आणि टपालात टाका. वेष्टन नको, पत्ता नको. तो परदेशी निघालेल्या सैनिकाला किंवा खलाशाला मिळेल. पत्ता नको, हे टपाल खातंच सांगत होतं. एका सेंटपलीकडे ना पावती, ना आभाराचं पत्र, ना अंक कोणाच्या खंदकात पोचला याची बातमी. आपला अंक एखाद्यानं वाचला की त्यानं शेकोटी पेटवली, हे पाठवणाऱ्याला कधी कळलं नाही, आणि तरी लोक पाठवत राहिले. बुकक्रॉसिंगचा सगळा इतिहास लिहिणाऱ्यांनी या तिकिटाला अधिक जागा द्यायला हवी होती, असं मला वाटतं.

आपल्याकडे ग्रंथ देण्याची परंपरा याहून कितीतरी जुनी. जैनांमध्ये शास्त्रदान हा दानाचा मानाचा प्रकार. दहाव्या शतकात, चालुक्यांच्या काळात, अत्तिमब्बे नावाच्या कर्नाटकातल्या स्त्रीनं पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या हजार प्रती ताडपत्रांवर उतरवून घेऊन वाटल्या, असं तिची परंपरा सांगते. हजार प्रती, आणि प्रत्येक प्रत हातानं! आजच्या मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती पुष्कळदा तेवढीच असते, आणि ती संपायला कधी कधी दहा वर्षं लागतात. पण हे दान पात्र पाहून केलेलं होतं. दान सत्पात्री असावं हा आपला जुना दंडक. विद्येच्या बाबतीत तो अधिकच कडक, आणि पात्र कोण हे ठरवण्यात जात आणि लिंग यांचा वाटा किती होता ते इथे नव्यानं सांगायला नको. पोथीतला तो ‘मूर्ख’ नेहमीच बुद्धीनं मूर्ख असे, असं नाही.

त्या दंडकाचा घरगुती अवतार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पुस्तक परक्या हाती गेलं की गेलंच, असं बजावणारं सुभाषित आजोबांना पाठ असे. पहिल्या पानावर नाव, शिवाय आतल्या एका ठरावीक पानावर पुन्हा नाव, म्हणजे कोणी पहिलं पान फाडलं तरी पुरावा राहावा. ही युक्ती ग्रंथालयांकडून घरात आली. तिथे आतल्या ठरलेल्या पानावर शिक्का मारायची रीत आहेच. खाकी कागदाचं कव्हर. कपाटाला कुलूप, किल्ली वरच्या फळीवर. पुस्तकं महाग होती, पगार बेताचे होते, त्यामुळे या कंजुषीला हसण्याचा अधिकार मला नाही. पण याच घरांमधून दिवाळी अंक मात्र सर्रास फिरत. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा अंक एकट्यानं विकत घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून वाचायचा असाच प्रघात पडत गेला. शेजारच्या घरातून तो तिसऱ्या घरात जाई, तिथून कोणाच्या तरी माहेरी, आणि शिमग्यापर्यंत तो कुठे आहे हे मूळ मालकाला सांगता येत नसे. त्याबद्दल कोणी भांडत नसे. एकाच घरात पुस्तकाला कुलूप आणि दिवाळी अंकाला मोकळीक, हे मला नेहमीच लक्षणीय वाटत आलं आहे.

पुस्तकांनीच वाचकाकडे चालत जावं, ही कल्पना मात्र मराठी माणसाला परकी नव्हती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या ग्रंथालय नसलेल्या गावांना संस्थानाच्या खर्चानं जात आणि वाचून झाल्या की परत येत. जवळजवळ शंभर वर्षांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानडे यांच्या पुढाकारानं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी एखाद्या वस्तीत ठेवायची, काही महिन्यांनी ती दुसऱ्या पेटीशी बदलायची. या पेट्या दुबईतल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. बडोदा आणि नाशिक यांच्यामध्ये साम्य इतकं की एकाची योजना दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवून आखली असावी असं वाटेल. दोन्हीकडे पेटीला एक जबाबदार माणूस आहे. पेटी सोपवलेली आहे, सोडलेली नाही. २०१७ च्या मे महिन्यात पाचगणीजवळच्या भिलारला ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून नाव मिळालं. तिथे घरांच्या ओट्या-पडव्यांत, शाळेत, देवळात कपाटं उघडी आहेत आणि कोणीही येऊन वाचत बसू शकतो. पण वाचायचं तिथेच. पुस्तक गावाचं, माणूस पाहुणा.

युरोपात राखणदार काढून टाकण्याचा पहिला गंभीर प्रयोग कोणा ग्रंथपालानं नव्हे, दोन कलावंतांनी केला. क्लेग आणि गुटमन या जोडीनं १९९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात उघड्यावर ग्रंथालय मांडलं. ग्रंथपाल नाही, पहारा नाही, नोंदवही नाही. मग १९९३ मध्ये हॅम्बुर्गच्या तीन वस्त्यांत, रस्त्याकडेच्या विजेच्या पेट्यांना फळ्या आणि काचेची दारं बसवून, हेच पुन्हा केलं. त्यांना पुस्तकं वाटण्यात फारसा रस नव्हता. लोक काय नेतात, काय आणून ठेवतात, किती दिवसांत मोडतोड होते, यातून एखाद्या वस्तीचं चित्र कसं उमटतं हे पाहायचं होतं. कला म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे नागरी सोय झाली. २००३ मध्ये बॉनमधल्या पोपेल्सडोर्फर ॲलेवर पुस्तकांचं एक उघडं कपाट उभं राहिलं, आणि आज जर्मनीच्या लहानमोठ्या गावांत अशी कपाटं आपल्याकडच्या पाणपोईइतकी सवयीची झाली आहेत. इंग्लंडमध्ये मोबाइलमुळे निकामी झालेली लाल टेलिफोनची खोकी टेलिफोन कंपनीनं गावांना एका पौंडात देऊ केली. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप या खेड्यानं २००९ मध्ये तसं खोकं घेऊन त्यात पुस्तकं भरली.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, हडसन गावी, टॉड बोल यानं आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीत एकखोली शाळेच्या आकाराची एक पेटी बनवली आणि खांबावर बसवून अंगणात उभी केली. आत पुस्तकं, बाहेर ‘फुकट’ अशी पाटी. अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अडीच हजारांवर ग्रंथालयांहून जास्त पेट्या उभ्या करायच्या, असं त्यानं आणि त्याच्या साथीदारानं ठरवलं. ते काही वर्षांतच झालं, आणि २०२० पर्यंत जगभरात अशा पेट्या एक लाखांवर गेल्या. बोल २०१८ मध्ये वारला. अमेरिकेतच कॅन्सस राज्यात एका नऊ वर्षांच्या मुलानं अंगणात लावलेली पेटी गावच्या बांधकाम नियमात बसत नाही म्हणून २०१४ मध्ये काढायला लावली गेली होती. बोभाटा झाल्यावर गावानं तो नियमच तात्पुरता बाजूला ठेवला. पुस्तकांच्या पेटीला बेकायदा बांधकाम ठरवणारं प्रशासन फक्त आपल्याकडेच असतं असं नाही, एवढं यातून कळतं.

या कपाटांवर माझा एक आक्षेप आहे. कपाटाशी जाणारा माणूस वाचकच असतो. तो पुस्तक शोधायला गेलेला असतो. बाकावरचं पुस्तक ज्याच्या वाट्याला येतं, तो बसची वाट बघायला आलेला असतो. या दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बाकाचा सगळा डाव त्या दुसऱ्या माणसावर आहे.

हा डाव सगळ्यात जोरात खेळला गेला तो भुयारी रेल्वेत. लंडनमध्ये २०१२ च्या सुमारास ‘बुक्स ऑन द अंडरग्राउंड’ सुरू झालं. डब्यातल्या आसनावर पुस्तक, त्यावर गोल चिठ्ठी. नोव्हेंबर २०१६ मध्ये अभिनेत्री एमा वॉटसननं माया अँजेलो यांच्या ‘मॉम अँड मी अँड मॉम’ या आत्मकथनाच्या शंभर प्रती, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांसह, लंडनच्या स्टेशनांत जिन्यांच्या आणि नळ्यांच्या सांदीकोपऱ्यांत लपवल्या. लोक त्या शोधत फिरले. मला विचाराल तर ते पुस्तकासाठी नव्हे, एमा वॉटसनच्या हस्ताक्षरासाठी फिरले. पण शंभरातल्या काही प्रती तरी शेवटच्या पानापर्यंत गेल्या असतीलच. २०१७ मध्ये श्रुती शर्मा आणि तरुण चौहान यांनी दिल्ली मेट्रोत हेच सुरू केलं. तिथली चिठ्ठी सांगे की न्या, वाचा आणि पुढच्यासाठी परत आणून ठेवा.

दिल्लीच्या या प्रयत्नाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ज्या डब्यात ही पुस्तकं ठेवली जात, त्याच डब्यात ध्वनिक्षेपक सांगत असतो की बेवारस वस्तूला हात लावू नका. मुंबईत तर ही सूचना भिंतींवर, डब्यांत, फलाटांवर सगळीकडे आहे, आणि ती उगाच नाही. १९९३ चे स्फोट आणि ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये एका संध्याकाळी झालेले सात स्फोट या शहराच्या अंगात भिनलेले आहेत. आसनाखालची पिशवी कोणाची, हा प्रश्न मोठ्यानं विचारून डबाभर उत्तराची वाट पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. अशा ठिकाणी ब्राउन पेपरमध्ये बांधलेलं पुस्तक ठेवून निघून जाणं ही सद्भावना नव्हे, बेफिकिरी आहे. शिवाय मुंबईच्या लोकलमध्ये पुस्तक ठेवायला रिकामं आसन लागतं. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीनं बसणाऱ्याला ही अडचण समजावून सांगायला नको. लंडनची नक्कल इथे चालत नाही ती वाचनसंस्कृती नाही म्हणून नव्हे. जागा नाही, आणि भीती खरी आहे.

कायद्याची नजरही सापडलेल्या वस्तूबद्दल साशंकच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७१ सांगतं की दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर, ती विश्वासानं ठेवायला दिल्यासारखीच जबाबदारी येते. म्हणजे बाकावरचं पुस्तक प्रामाणिक माणसानं उचललं, तर मूळ मालक भेटेपर्यंत ते सांभाळणं त्याच्या गळ्यात. प्रामाणिक माणूस म्हणूनच उचलत नाही. ‘मी हरवलेलं नाही’ ही चिठ्ठी भाबडी वाटते, पण ती या ओझ्यातून वाचकाला सोडवते: ज्याचं होतं त्यानं हक्क सोडला आहे.

आता रद्दीकडे येऊ. मराठी शहरांत सोडून दिलेल्या पुस्तकाचा सगळ्यात खात्रीचा वाली रद्दीवाला आहे. परदेशी धाटणीची ही मोहीम इथे रुजवू पाहणारे कार्यकर्ते त्याला शत्रू मानतात. बागेत ठेवलेलं पुस्तक तासाभरात वजनकाट्यावर गेलं की त्यांना दुःख होतं. मला तसं वाटत नाही. वजनावर आलेल्या ढिगातून पुस्तक निराळं काढणारा माणूस या साखळीत बहुतेक वेळा असतो. छापलेल्या कागदातून पुस्तक ओळखणं हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. रद्दीच्या भावात आलेली वस्तू पुस्तकाच्या भावात जाते तेव्हा त्याला चार पैसे सुटतात. मग ते पुस्तक मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जातं, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठेतरी पोचतं, किंवा गावच्या आठवडी बाजारात शाळेच्या गाइडांखाली दबून राहतं. तिथे ते घेणाऱ्याला पहिल्या पानावर ‘सौ. वहिनींस सप्रेम’ असं लिहिलेलं सापडतं, तारीख सापडते, कधी बसचं तिकीट सापडतं. क्रमांक नाही, नोंद नाही, पण पुस्तकाला चरित्र आहेच. मराठीतल्या किती दुर्मीळ पुस्तकांच्या प्रती या वाटेनं वाचल्या, हे जुनी पुस्तकं जमवणाऱ्या कोणालाही विचारावं. अनेक चांगल्या खासगी संग्रहांचा पाया रद्दीच्या दुकानात घातला गेला आहे, आणि तेच संग्रह मालक गेल्यावर पुन्हा रद्दीतच आले आहेत.

पैशाचा स्पर्श झाला म्हणून अनोळखी माणसाचं मूल्य कमी होत नाही. उलट दहा-वीस रुपये देऊन घेतलेलं पुस्तक उघडलं जाण्याची शक्यता फुकट मिळालेल्यापेक्षा जास्त, असं माझं निरीक्षण आहे. जर्मन कपाटांतून पुस्तकांचे गठ्ठे उचलून विकणाऱ्यांवर तिकडे बरीच आगपाखड होते. काही जण प्रतींवर ‘विक्रीसाठी नाही’ असे शिक्के मारतात. हा शिक्का म्हणजे पुन्हा ती मागे वळून पाहण्याचीच खोड. एकदा सोडलं ना? मग त्यानं विकलं काय, वाचलं काय, टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलं काय.

लेखकांचा आक्षेप मात्र मी इतक्या सहज उडवून लावणार नाही. एक प्रत दहा जणांनी वाचली तर नऊ जणांच्या मानधनावर पाणी पडतं, अशी तक्रार बुकक्रॉसिंगच्या पहिल्या काही वर्षांतच परदेशात झाली. ब्रिटननं १९७९ च्या कायद्यानं यावर एक तोड काढली आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेलं जातं तेव्हा लेखकाला काही पेन्स मिळतात. आपल्याकडे अशी सोय नाही, आणि मराठी लेखकाला विकलेल्या प्रतीवरचंही मानधन कधी मिळतं हा विषय वेगळ्या पुस्तकाचा. तरीही विकत घेतलेली प्रत पुढे द्यायचा वाचकाचा हक्क पक्का आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं तो १९०८ मध्येच मान्य केला. ‘द कास्टअवे’ या कादंबरीच्या प्रकाशकानं आत छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला ही विकणं म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग. मेसीज या दुकानानं ती ८९ सेंटला विकली. न्यायालयानं सांगितलं की पहिल्या विक्रीबरोबर त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. आपला १९५७ चा कायदाही बाजारात एकदा आलेल्या प्रतींना त्या ताब्यातून वगळतो. ई-पुस्तकाला हे लागू पडत नाही, कारण तिथे बहुतेक वेळा प्रत विकलेली नसते, वाचायचा परवाना दिलेला असतो. २००९ च्या जुलैत ॲमेझॉननं ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या हक्क नसलेल्या प्रती लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या आणि पैसे परत केले, तेव्हा हा फरक जगाला दिसला. परवाना बाकावर ठेवता येत नाही. म्हणून या संग्रहात फक्त कागदाची पुस्तकं आहेत.

राहता राहिला प्रश्न कोणतं पुस्तक सोडावं हा. इथे बहुतेकांची नियत उघडी पडते. नको असलेले कपडे गरजूंसाठी ठेवायला माणुसकीची भिंत म्हणून उभ्या राहिलेल्या ठिकाणी काही दिवसांत फाटक्या चादरी आणि एकेकटे मोजे जमा होतात, तसं पुस्तकांच्या कपाटांत २०११ ची स्पर्धा परीक्षेची गाइडं, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिका आणि लेखकानं स्वतः वाटलेले कवितासंग्रह जमतात. (यातल्या शेवटच्या प्रकाराबद्दल मला सहानुभूती आहे.) माझं मत असं की जे पुस्तक तुम्ही शेवटपर्यंत वाचलं आहे तेच सोडावं. पन्नासाव्या पानावर कंटाळून मिटलेलं पुस्तक दुसऱ्याच्या माथी मारू नये. जे पुस्तक आयुष्यभर पुन्हा पुन्हा लागणार आहे तेही नको. ते दोन दिवसांत परत आणायला जाल. मधलं पुस्तक सोडावं. ज्यानं चार रात्री चांगल्या नेल्या आणि जे पुन्हा वाचलं जाणार नाही, असं. आपल्या कपाटात अशीच पुस्तकं सर्वांत जास्त असतात, फक्त ते कबूल करायला वेळ लागतो.

भाषेचाही विचार हवा. दादरच्या फलाटावर मराठी कादंबरी उचलली जाईल, कुलाब्यात ती बराच वेळ पडून राहील, आणि इंदूरच्या किंवा बडोद्याच्या बागेत ती ज्याला सापडेल त्याला तिथे मराठी अक्षरं दिसल्याचंच आधी अप्रूप वाटेल. मुंबईत देवनागरी वाचणारा प्रत्येक जण मराठी वाचतोच असं नाही, पण ओळी जुळवत वाचणारे बरेच असतात, आणि गोष्ट सरळ असेल तर ते पुढे जातात. लहान मुलांची पुस्तकं कुठेही चालतात.

जागांपैकी माझा भरवसा सलूनवर आणि दवाखान्यावर अधिक आहे. तिथे माणूस अडकलेला असतो आणि समोर आरसा किंवा औषध कंपनीचं कॅलेंडर असतं. तमिळनाडूत तुतिकोरिनला एका केशकर्तनकारानं आपल्या दुकानातच ग्रंथालय केलं आहे आणि ते देशभर गाजलं. आपल्याकडे तालुक्याच्या एसटी स्थानकावरचा सिमेंटचा बाक उत्तम. गाड्या उशिरा येतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत कोकणात आणि मुंबईत उघड्यावर काही ठेवू नये, छप्पर असलं तरी ओल येतेच आणि पानं फुगतात. पिशवी पारदर्शकच हवी. आत पुस्तक आहे आणि पुस्तकच आहे, हे चार पावलांवरून दिसलं पाहिजे. चिठ्ठी आतल्या पानावर नको, मुखपृष्ठावर, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत. रेल्वेच्या आणि मेट्रोच्या हद्दीत परवानगीशिवाय ठेवू नये. आणि ठेवताना पोलिसानं हटकलं, तर ते पुस्तक त्यालाच द्यावं; रात्रपाळी मोठी असते.